फुली

नववी ब. जेवणानंतरचा तास, पत्रे तापलेले.
मी फळ्यावर लिहिते: पॅरिस, १५७२.
फळ्याचा रंग उडालाय, सात नीट उमटत नाही.

ऑगस्टची चोवीस तारीख, संत बार्थोलोम्यूचा सण.
उजाडायच्या आत चर्चची घंटा झाली
आणि टोपीला पांढरा क्रूस लावलेली माणसं
शेजाऱ्यांच्या दाराशी गेली.
पत्ता विचारावा लागला नाही.
पाव एकाच भट्टीचा, पाणी एकाच नदीचं.
काही दारांवर आदल्या रात्रीच
खडूची खूण होती म्हणतात.
म्हणतात, हे मी मुद्दाम म्हणते.
परीक्षेला ते येत नाही.

मागच्या बाकावरून इमॅन्युएल त्रिभुवन:
"मॅडम, दोघांचाबी येशूच ना?"
"हो."
"मंग?"

त्या 'मंग'साठी पुस्तकात दोन ओळी आहेत
आणि एक चौकट.

मोठ्या दुष्काळात आमच्या गावकुसाबाहेरून
दोघे सख्खे भाऊ निघाले, भिवा आणि सटवा.
भिवा गेला स्कॉटिश साहेबाच्या बंगल्याकडे,
सटवा फ्रेंच फादरच्या मठाकडे.
दोघांना ज्वारी मिळाली,
दोघांच्या कपाळाला पाणी लागलं,
वरून न ओतलेलं, हाताने लावलेलं, जन्मातलं पहिलं.
हे मी कधी विसरत नाही.
पण पोत्याच्या तळाला, किडक्या दाण्यांत,
दुसऱ्याच कुणाचं तरी भांडण होतं,
तीनशे वर्षं मुरलेलं.
निवडत बसायला वेळ नव्हता.
दळलं, थापलं, खाल्लं.

तेव्हापासून मरियामातेच्या तसबिरीला
आमच्यात कुणी हात जोडत नाही
आणि आमच्या सोयरिकीला त्यांच्यात.

माझी सलोमी आत्या पास्कल मगरेचा हात धरून गेली.
दीड वर्षानं बाळंतपणात गेली.
आमचे म्हणाले, ती आता तुमची.
त्यांचे म्हणाले, तिनं आमचा साक्रामेंत घेतला नव्हता.
शिवनेच्या काठी, कब्रस्तानात, काठ्या निघाल्या.
येशूदास पाटोळेंचा डावा डोळा गेला.
मयत दुपारपर्यंत बाभळीखाली.
रात्री माझ्या बापानं आणि पास्कलनं, एकमेकांशी न बोलता,
हद्दीच्या दोरीखालीच खड्डा घेतला.

पुढच्या महिन्यात दोन्हीकडच्यांनी वर्गणी काढून
भिंत घालायला चाँद गवंडी बोलावला.
(वर्गणी तेवढी दोघांनी मिळून काढली.)
दोरी बघून तो म्हणाला,
"बाईच्या अंगावर भिंत मी रचायचो नाही."
आणि त्यानं दोरी दोन हात अलीकडे घेतली.
आमच्या बाजूनं बघितलं
तर भिंत तिथे पोटुशी दिसते.

वर्गात यातलं काही मी सांगितलं नाही.
घंटा झाली. इमॅन्युएल उत्तराची वाट बघत
थोडा वेळ उभा होता, मग डबा घेऊन पळाला.

रविवारी पोलिओची ड्यूटी लागली.
खांद्याला बर्फाचा डबा, हातात शाळेचाच खडू.
सगळ्या लेकरांनी डोस घेतला तर दारावर पी,
एखादं राहिलं तर फुली.
दोन्ही प्रार्थना सुटल्या, आळी घरी परतली,
आणि मी खडू घेऊन दारोदार हिंडत होते.
तिसऱ्या की चौथ्या दाराशी हात थांबला.
सोबतची अंगणवाडीवाली लंका म्हणाली,
"लिवा ना मॅडम, ऊन होतंय."

शेवटचं दार पास्कल मगरेचं.
बाजेवर बसला होता, पाय सुजलेले.
मला ओळखलं. दाखवलं नाही.
नातसून माहेरी, लेकरू तिच्यासोबत.

मी दारावर खडू टेकवला.
"काय काढतीस?"
"फुली."
"आमच्याच दारावर?"
"लेकरू राहिलंय ना. फुली म्हणजे
परत यायचं, राहिलेल्यासाठी."

तो त्या खुणेकडे बघत राहिला,
मग माझ्या हाताकडे, पांढऱ्या झालेल्या.

"मंगळवारी येतील ती," म्हणाला.
"मंगळवारपर्यंत पुसू नका मग," मी म्हणाले.
"नाही पुसत," म्हणाला. "पाणी घेतीस?"